एंडगेम सुधारायचा असेल, तर अदलाबदलीपासून सुरुवात करा

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपद लढतीचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव चालू होता. गुण ६.५-६.५ असे समान होते. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या भारताच्या गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण दोघांकडेही एकेक हत्ती आणि एकाच रंगाच्या घरांवरून फिरणारा एकेक उंट शिल्लक होता. असा डाव नीट सांभाळला तर बरोबरीत सुटू शकतो. पंचावन्नाव्या खेळीला तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने उलट मारले, आणि गुकेशचा उंट डी५ वर येऊन बसला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. त्या कर्णावर तो कुठेही सरकला तरी मारलाच जाणार होता. म्हणजे उंटांचीही अदलाबदल अटळ. उरले ते फक्त राजे आणि प्यादी. गुकेशने राजा ई५ वर आणला, समोर ई३ वर डिंगचा राजा, मध्ये एक घर मोकळे आणि खेळी डिंगची. डिंगने डाव सोडला.

प्याद्यांचा तो एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरचा डावाचा शेवटचा भाग, हरलेला आहे हे डिंगला मोहरे निघून गेल्यावर लगेच कळले. निसटले ते त्याआधीचे: हत्ती गेल्यावर उंटही जाणार, आणि उंट गेल्यावर काय उरणार. माझ्या मते एंडगेमचा सगळा अभ्यास या एका कौशल्यासाठी करायचा असतो. पटावर अजून चार-सहा मोहरे असतानाच, यातले कोणते गेले तर निकाल काय लागेल हे ओळखता यायला हवे. ते यायचे तर काही मोजक्या स्थितींचे निकाल डोळे मिटूनही सांगता आले पाहिजेत. स्थितींची संख्या फार लागत नाही. पक्केपणा मात्र पूर्ण लागतो.

साधारण १००० ते १६०० रेटिंगच्या (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) दरम्यान असलेल्या, स्पर्धा खेळणाऱ्या, पण मोहरे कमी झाले की अंदाजाने खेळणाऱ्या खेळाडूसाठी हा क्रम लिहीत आहे. समोर खराखुरा पट मांडून वाचा. फाईलींची (उभ्या रांगांची) नावे ए ते एच आणि रँक (आडव्या रांगा) १ ते ८, पांढऱ्याच्या बाजूने, नेहमीप्रमाणे.

आधी मात देता आली पाहिजे

एकटा वजीर आणि एकटा हत्ती यांनी मात देणे हातात बसलेले असले पाहिजे. घड्याळात वीस सेकंद उरली असतानाही. हत्तीच्या मातीत दोन गोष्टी सांभाळा: हत्तीने एक रेघ आखून समोरच्या राजाचा भाग लहान करत न्यायचा, आणि आपला राजा सोबत चालवायचा. वजिराच्या मातीत एकच धोका, स्टेलमेट: शह नसताना समोरच्याला एकही खेळी उरली नाही की डाव बरोबरीत सुटतो. शह न देता वजीर समोरच्या राजाच्या जवळ नेताना दर वेळी पाहा की त्याला जायला एक तरी घर उरले आहे का. दोन उंटांची मात एकदा शिकून ठेवा. उंट-घोड्याची मात मात्र या टप्प्यावर सोडून दिली तरी चालेल. ती क्वचित येते, आणि तिच्यावर घालवलेल्या वेळात हत्तीच्या एंडगेमची निम्मी तयारी होते.

राजा आणि एक प्यादे: सगळ्या निकालांचा पाया

कोणताही एंडगेम शेवटी इथे येऊन पोचतो, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट चौकोनाची. पांढरे प्यादे बी४ वर आहे आणि काळ्या राजाने त्याला एकट्याने पकडायचे आहे. बी४ पासून बी८ पर्यंतची रेघ एक बाजू धरा आणि काळ्या राजाच्या दिशेने चौकोन पुरा करा: बी४, बी८, एफ८, एफ४. काळ्याची खेळी असताना त्याचा राजा या चौकोनात पाऊल टाकू शकला तर प्यादे सापडते, नाही तर ते शेवटच्या रँकवर पोचून त्याचा वजीर होतो. प्यादे दुसऱ्या रँकवर असेल तर ते दोन घरे उडी मारू शकते, म्हणून चौकोन तिसऱ्या रँकपासून मोजायचा. याने खेळी-खेळी मोजण्याचा वेळ वाचतो आणि मोजताना होणारी चूकही टळते.

दुसरी गोष्ट ऑपोझिशनची. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि ज्याची खेळी असेल त्याला बाजूला व्हावे लागते. मांडा: पांढरा राजा ई५, पांढरे प्यादे ई४, काळा राजा ई७. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. काळा राजा डी७ वर गेला तर पांढरा एफ६ वर जातो, तो ई८ वर परतला तर पांढरा ई६ वर येऊन पुन्हा समोर उभा राहतो, आणि प्यादे मागून आरामात येते. आता तीच स्थिती, पण खेळी पांढऱ्याची. राजा डी५, काळा डी७. प्यादे ई५, काळा ई७. प्यादे ई६, आणि आता काळ्याने राजा सरळ मागे ई८ वरच न्यायचा. डी८ वर नेला तर पांढरा डी६ वर येतो आणि काळा हरतो. ई८ वर नेला तर पांढरा डी६, काळा डी८, प्यादे ई७ शह, काळा ई८. आता पांढऱ्याने राजा ई६ वर आणून प्यादे वाचवले की स्टेलमेट, आणि नाही वाचवले तर प्यादे गेले. बरोबरी. एकाच स्थितीचे दोन निकाल, फरक फक्त खेळी कोणाची याचा.

आता ते प्यादे ई४ ऐवजी ई३ वर ठेवा. खेळी पांढऱ्याची असली तरी तो प्यादे ई४ वर सरकवतो आणि खेळीचे ओझे काळ्यावर टाकतो. एक राखीव खेळी हाताशी होती म्हणून अर्धा गुण वाढला. शिकणारे खेळाडू प्यादे पुढे रेटतात आणि राजा त्याच्या मागून चालवतात. क्रम उलटा हवा: राजा पुढे, प्यादे मागे, आणि प्याद्याच्या खेळ्या जपून ठेवलेल्या.

तिसरी गोष्ट, मोक्याची घरे. प्यादे दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या रँकवर असेल तर त्याच्या पुढे एक रँक सोडून असलेली तीन घरे पाहा. ई४ वरच्या प्याद्यासाठी ती डी६, ई६ आणि एफ६. पांढरा राजा यांपैकी कुठल्याही घरात पोचला की खेळी कोणाचीही असो, डाव जिंकलेला. प्यादे पाचव्या रँकवर पोचले की त्याच्या लगेच पुढची तीन घरेही पुरतात. ए आणि एच फाईलची प्यादी मात्र या नियमात बसत नाहीत. तिथे बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी, आणि हल्ला करणारा राजाच आपल्या प्याद्यापुढे कोंडला गेला तरीही बरोबरी.

हे तीन नियम जमले की दोन-दोन, तीन-तीन प्याद्यांच्या स्थिती घ्या. त्यांत चार कल्पना पुन्हा पुन्हा येतात.

दूरचे मोकळे प्यादे. ज्याच्या समोर आणि शेजारच्या फाईलींवर अडवणारे प्यादे नाही असे प्यादे बाकीच्या प्याद्यांपासून लांब असेल, तर त्याचे काम वजीर होणे नसून समोरच्या राजाला तिकडे ओढून नेणे हे असते. तो ते मारायला जातो तेवढ्यात आपला राजा दुसऱ्या बाजूची प्यादी खातो.

घुसखोरी. पांढरी प्यादी ए५, बी५, सी५ वर आणि काळी ए७, बी७, सी७ वर, राजे लांब, खेळी पांढऱ्याची. बी६! काळ्याने ए फाईलवरून मारले तर सी६, सी फाईलवरून मारले तर ए६. कसेही मारले तरी एक प्यादे मोकळे सुटते. राजे जवळ नसताना अशी रांग दिसली की ही खेळी आधी तपासा, आणि आपण बचावात असू तेव्हाही तपासा.

एकमेकांना चिकटलेली प्यादी. पांढरा राजा एफ५, प्यादे ई४; काळा राजा डी४, प्यादे ई५. ज्याची खेळी तो हरतो, कारण त्याला आपले प्यादे सोडून बाजूला व्हावे लागते. म्हणून अशा प्याद्याजवळ आधी जाऊन चिकटायचे नसते. पांढरा राजा जी५ वर, काळा सी३ वर आणि खेळी पांढऱ्याची असेल तर एफ५ वर धावत जाणारा हरतो, कारण काळा डी४ वर येतो. बरोबर खेळी एफ६. काळा डी४ वर आला की मग एफ५, आणि आता अडकला तो काळा.

चौथी कल्पना बुद्धिबळपटू रेटीने १९२१ मध्ये एका रचनेत, म्हणजे मुद्दाम तयार केलेल्या स्थितीत, दाखवली. पांढरा राजा एच८, प्यादे सी६. काळा राजा ए६, प्यादे एच५. खेळी पांढऱ्याची. काळ्याचे प्यादे पांढऱ्या राजाच्या हाताबाहेर गेलेले दिसते आणि पांढरे प्यादे काळ्या राजाच्या तोंडाशी आहे. तरी बरोबरी. राजा जी७, प्यादे एच४, राजा एफ६, काळा राजा बी६, पांढरा राजा ई५! आता काळ्याने सी६ वरचे प्यादे मारले तर पांढरा एफ४ वर येऊन एच प्यादे पकडतो, आणि काळ्याने आपले प्यादे पुढे नेले तर पांढरा डी६ वर जाऊन आपल्या प्याद्याचा वजीर करतो. कर्णाने चालणारा राजा एकाच वेळी दोन कामांवर निघतो. ही रचना पटावर दोन्ही बाजूंनी खेळून पाहा. ती मनात बसल्यावर राजाची खेळी निवडताना सरळ रेषेचा मोह पुष्कळ कमी होतो.

आता अदलाबदलीची तपासणी

एवढे आले की ते लगेच डावात वापरायला लागा. हत्तीच्या अभ्यासाची वाट पाहू नका.

शेवटचा हत्ती, उंट किंवा घोडा एकमेकांना मारला जाण्याची शक्यता दिसली की थांबा आणि मारामारी पूर्ण झाल्यानंतरचा पट डोळ्यांसमोर आणा. तिथून मोजा. खेळी कोणाची उरते? कोणाचा राजा मध्यभागी आधी पोचतो? राखीव प्याद्याच्या खेळ्या कोणाकडे जास्त आहेत? दूरचे मोकळे प्यादे कोणाला मिळू शकते? ही मोजणी करताना आणखी एक प्रश्न हवा, सिंगापूरमध्ये निर्णायक ठरला तो: या अदलाबदलीनंतर समोरचा लगेच दुसरी अदलाबदल माझ्यावर लादू शकतो का?

प्याद्यांचा एंडगेम मोजून संपवता येतो. म्हणूनच त्यात जाण्याआधी घड्याळातली पाच-सात मिनिटे खर्च करणे योग्य असते, कारण एकदा आत गेले की परतीची वाट नसते. निकाल जिंकण्याचा दिसला तर बिनधास्त मारा. बरोबरी दिसली आणि आपण आधी चांगल्या स्थितीत असू, तर मोहरे ठेवा. निकाल कळलाच नाही, तर बचाव करणाऱ्याने सहसा हत्ती ठेवावेत, कारण हत्तींच्या एंडगेममध्ये एक प्यादे कमी असूनही पुष्कळ डाव वाचतात.

सर्वसाधारण सूत्रही लक्षात असू द्या: प्यादी जास्त असणाऱ्याने मोहरे मारावेत, प्यादी कमी असणाऱ्याने प्यादी मारावीत. वजिरावजिरी करतानाही हेच. पण हे सूत्र मोजणीच्या जागी वापरू नका. डिंगच्या डावात ज्याच्याकडे प्यादे कमी होते त्यानेच मोहरे मारायला दिले, आणि हे सूत्र पाळले असते तरी तो डाव वाचला असता.

हत्तींचे एंडगेम

प्रत्यक्ष डावांत सगळ्यांत जास्त येतात ते हत्तींचे एंडगेम. हत्ती उशिरा बाहेर पडतात, म्हणून शेवटपर्यंत उरतात. इथे दोन स्थिती पाठ नव्हे, पक्क्या हव्यात.

पहिली लुसेना या नावाने ओळखली जाणारी, जिंकण्याची स्थिती. मांडा: पांढरा राजा जी८, प्यादे जी७, हत्ती एफ१, काळा राजा ई७, हत्ती एच२. पांढऱ्याला राजा बाहेर काढायचा आहे, पण काढला की मागून शहांचा मारा सुरू होतो. उपाय असा: हत्ती एफ४! काळा हत्ती एच१ वर थांबतो. पांढरा हत्ती ई४ शह, काळा राजा डी७. आता राजा एफ७, काळा हत्ती एफ१ शह, राजा जी६, हत्ती जी१ शह, राजा एफ६, हत्ती एफ१ शह, राजा जी५, हत्ती जी१ शह, आणि पांढरा हत्ती जी४ वर मध्ये येतो. शह संपले, वजीर झाला. चौथ्या रँकवर आधीच जाऊन बसलेला हत्ती शेवटी पुलासारखा उपयोगी पडतो. पहिली खेळी एफ४ हीच का, हे स्वतःला शब्दांत सांगता आले तर समजा स्थिती पक्की झाली.

दुसरी फिलिडोरची, बचावाची. काळा राजा ई८, हत्ती बी६. पांढरा राजा डी५, प्यादे ई५, हत्ती एच७. काळ्याचा हत्ती सहाव्या रँकवर आहे, त्यामुळे पांढरा राजा त्या रँकवर येऊच शकत नाही. काळा तिथेच इकडून तिकडे सरकत राहतो. पांढऱ्याकडे एकच प्रयत्न उरतो, प्यादे ई६ वर नेणे. ते गेले की पांढऱ्या राजाला लपायला सहाव्या रँकवर जागा राहिली नाही. त्याच क्षणी काळा हत्ती खाली बी१ वर जातो आणि मागून शह देत राहतो. राजा डी६, हत्ती डी१ शह, राजा ई५, हत्ती ई१ शह. बरोबरी. चुका दोनच प्रकारे होतात: प्यादे पुढे जायच्या आधीच हत्ती खाली नेणे, आणि प्यादे गेल्यावरही सहाव्या रँकवर रेंगाळणे.

सहावी रँक धरता आली नाही तर? प्यादे ए, बी, जी किंवा एच फाईलवर असेल तर राजा त्याच्यासमोर ठेवून हत्ती शेवटच्या रँकवर बसवून बचाव करता येतो. मधल्या प्याद्यांसमोर तसा निष्क्रिय बचाव बहुधा टिकत नाही. तिथे राजा प्याद्याच्या आखूड बाजूला (जिकडे फाईली कमी) न्या आणि हत्ती लांब बाजूला, म्हणजे बाजूने शह देता येतात. हत्ती आणि प्यादे यांच्यात किमान तीन फाईली मोकळ्या हव्यात. त्याहून जवळून दिलेले शह पुरत नाहीत, राजा चालत येऊन हत्तीला हाकलतो.

या दोन स्थितींच्या पलीकडे हत्तींच्या एंडगेममध्ये सगळ्यांत जास्त गुण मिळवून देणारी गोष्ट म्हणजे हत्तीची आणि राजाची सक्रियता. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर हा डाव मिळवा आणि पटावर मांडा. कापाब्लांकाचा हत्ती एच७ वर, सातव्या रँकवर घुसलेला. पस्तिसाव्या खेळीला त्याने राजा जी३ वर आणला आणि सी३ चे प्यादे शहासकट मारू दिले. मग राजा एच४, थोड्या वेळाने एफ४ चे प्यादेही शहासकट गेले, आणि राजा जी५ वरून एफ६ वर पोचला. तिथे जाताना एफ५ वरचे काळे प्यादे त्याने मुद्दाम मारले नाही, कारण तेच प्यादे त्याच्या राजाला मागून येणाऱ्या शहांपासून झाकत होते. दोन प्यादी देऊन त्याने राजा, हत्ती आणि जी६ वर गेलेले प्यादे एकत्र आणले आणि डाव जिंकला. प्यादे वाचवण्यासाठी हत्ती कोपऱ्यात बांधून ठेवण्याची सवय मोडायला याहून चांगला डाव मला माहीत नाही.

हत्ती मोकळ्या प्याद्याच्या मागे ठेवा, प्यादे आपले असो वा समोरच्याचे. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला अलेखाइनने कापाब्लांकाकडून जगज्जेतेपद घेतले तो चौतिसावा डाव याच तत्त्वाचा नमुना आहे. अलेखाइनचे मोकळे प्यादे ए फाईलवर, त्याचा हत्ती त्याच्या मागे, आणि कापाब्लांकाचा हत्ती त्याच्या पुढे अडकलेला. प्यादे जसे पुढे जाते तशी मागच्या हत्तीची जागा वाढते आणि पुढच्याची कमी होते.

हे सगळे जुन्या काळचे वाटत असेल तर चेन्नईची २०१३ ची जागतिक अजिंक्यपद लढत पाहा. कार्लसनने आनंदविरुद्ध मिळवलेले पहिले दोन विजय, पाचव्या आणि सहाव्या डावातले, हत्तींच्या एंडगेममधून आले. बरोबरीत सुटणार असे वाटणाऱ्या स्थितीत तो खेळत राहिला आणि समोरच्यापुढे अडचणी मांडत राहिला.

बाकीचे, थोडक्यात

वजीर विरुद्ध सातव्या रँकवरचे प्यादे, वजिराच्या बाजूचा राजा लांब: प्यादे बी, डी, ई किंवा जी फाईलवर असेल तर वजीर जिंकतो. शह देत देत समोरच्या राजाला त्याच्याच प्याद्यापुढे यायला लावायचे आणि प्रत्येक वेळी आपला राजा एक घर जवळ आणायचा. ए, सी, एफ, एच फाईलवर स्टेलमेटमुळे बहुधा बरोबरी. प्याद्यांच्या शर्यतीत कोण जिंकेल हे मोजताना ही माहिती नेहमी लागते.

उंट आणि कडेचे प्यादे: वजीर होण्याचे कोपऱ्यातले घर ज्या रंगाचे त्याच रंगाचा उंट हवा. एच८ काळे घर आहे. पांढऱ्याकडे एच प्यादे आणि पांढऱ्या घरांवरचा उंट असेल आणि काळा राजा एच८ वर पोचला, तर जिंकता येत नाही. बचाव करताना बाकीची सगळी प्यादी संपवून इथे पोचण्याचा विचार करा.

विरुद्ध रंगांचे उंट असतील तर दोन प्यादी कमी असूनही डाव वाचू शकतो. जिंकायचे असेल तर मोकळी प्यादी एकमेकांपासून लांब ठेवा, म्हणजे एकटा उंट दोन्हीकडे पुरत नाही. एकाच रंगाच्या उंटांत आपली प्यादी उंटाच्या रंगाच्या घरांवर अडकू देऊ नका. घोड्यांच्या एंडगेममध्ये प्याद्यांच्या एंडगेमचे बरेचसे नियम लागू पडतात, आणि घोड्याला सगळ्यांत जड जाते ते कडेच्या फाईलवरचे मोकळे प्यादे.

सराव कसा करायचा

एंडगेमचे जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, मधल्या प्रकरणांत उत्साह संपतो. त्याऐवजी रोज वीस मिनिटे काढा आणि एका आठवड्यात एकच विषय घ्या. पहिले तीन-चार आठवडे फक्त प्याद्यांचे, त्यानंतर लुसेना, नंतर फिलिडोर, आणि मग पुन्हा प्यादी.

स्थिती पाहून "कळली" म्हणणे पुरेसे नाही, ती खेळावी लागते. लिचेस या मोफत संकेतस्थळाच्या सराव विभागात प्याद्यांच्या आणि हत्तींच्या मूलभूत स्थिती संगणकाविरुद्ध खेळता येतात. जिंकण्याच्या स्थिती संगणकाविरुद्ध खेळा, तो सर्वांत चिवट बचाव करतो. बचावाच्या स्थितींसाठी मात्र माणूस शोधा. सगळ्या खेळ्यांचा निकाल बरोबरीच असेल तर संगणकाला त्या सारख्याच वाटतात आणि तो सापळे लावत बसत नाही. क्लबमधला मित्र लावतो. फिलिडोरची स्थिती दोघांनी घड्याळ लावून, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने खेळा. बचावाची बाजू सलग पाच वेळा सुटली की पुढे जा.

पटावर राजे आणि प्यादी धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे असतील तर टेबलबेस, म्हणजे अशा सगळ्या स्थिती आधीच मोजून ठेवलेला संगणकीय साठा, प्रत्येक खेळीचा अचूक निकाल सांगतो. त्याचा उपयोग शेवटी करा. आधी स्वतः मोजा, निकाल लिहा, मग तपासा. इंजिनाने (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामने) दाखवलेला +०.८ सारखा आकडा एंडगेममध्ये फसवा असतो, पटावर जिंकणे आणि बरोबरी यांच्या मध्ये काही नसते. ज्या खेळीला निकाल बदलला तिथे थांबा आणि का बदलला याचे उत्तर शब्दांत लिहा. "राजा एक घर लांब राहिला", "ऑपोझिशन सुटले", "हत्ती प्याद्याच्या पुढे आला" एवढेही पुरते.

स्पर्धेच्या पटावर

आपल्याकडच्या एकदिवसीय स्पर्धा बहुतेक जलद प्रकारच्या असतात, आणि एंडगेम येतो तोवर दोघांचीही मिनिटे संपत आलेली असतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा निर्णायक जलद डावाचा निकालही एंडगेममध्येच लागला. म्हणून सुरुवातीच्या ओळखीच्या खेळ्यांवर वेळ घालवू नका, तो शेवटासाठी ठेवा. प्रत्येक खेळीला सेकंद वाढत असतील तर त्यांचा उपयोग करा. निकाल न बदलणारी एखादी खेळी करून स्थिती पुन्हा आणली की घड्याळात थोडी भर पडते. तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ देऊ नका, समोरचा बरोबरी मागू शकतो. प्यादे न हलता आणि काही न मारता पन्नास खेळ्या झाल्या तरीही तो मागू शकतो, हेही लक्षात ठेवा.

स्थिती चांगली असेल आणि समोरच्याला काही करता येत नसेल तर घाईने निकाल लावायला जाऊ नका. आधी राजा सर्वांत चांगल्या घरात आणा, मग हत्ती, मग प्यादी. एकाच बाजूला हल्ला करून भागत नसेल तर दुसऱ्या बाजूला दुसरे लक्ष्य तयार करा. दुबईत डिसेंबर २०२१ मध्ये कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ खेळ्या चालला, जागतिक अजिंक्यपदाच्या इतिहासातला सर्वांत लांब डाव. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी होती, समोर एकटा वजीर. तो डाव शेवटच्या साठ खेळ्यांपासून मांडा आणि कार्लसनने राजा व प्यादी किती सावकाश पुढे नेली ते पाहा.

स्वतःच्या डावांची एक वही करा. स्पर्धेतला प्रत्येक डाव, ज्यात एंडगेम आला, त्यातली फक्त एक स्थिती तिच्यात उतरवा: शेवटच्या मोठ्या अदलाबदलीच्या आधीची. बाजूला लिहा, तेव्हा तुम्हाला निकाल काय वाटला होता. मोहरे कमी असतील तर टेबलबेसवर, जास्त असतील तर इंजिनाच्या मदतीने आणि जमल्यास प्रशिक्षकाकडून खरा निकाल काढून त्याखाली लिहा. दर महिन्याला जुनी पाने उघडून त्या स्थिती पुन्हा मोजा, खाली लिहिलेले उत्तर झाकून.